बारावर उभी राहिलेली माणसं

"चालेल," तळ्याच्या सचिवबाई म्हणाल्या, आणि खांद्यावरची पर्स सावरत, दोन पावलं सरकून, सगळ्यांबरोबर बारावर जाऊन उभ्या राहिल्या. सभागृहात टाळ्या पडल्या. दोन दिवस एकमेकांकडे पाठ करून बसलेली माणसं हसायला लागली, कुणीतरी कुणाच्या तरी पाठीवर थाप मारली, अध्यक्षांनी चष्मा काढून कपाळ पुसलं आणि सुटलो बुवा अशा चेहऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. मधलीनेही टाळ्या वाजवल्या. सगळं तिनेच तर जमवून आणलं होतं. पण वाजवता वाजवता तिचे हात थांबले. घशात काहीतरी अडकावं, खोकून निघू नये आणि गिळताही येऊ नये, तसं ते 'चालेल' तिला अडकलं. हा आवाज तिने आधी कुठेतरी ऐकला होता. असाच, खालच्या सुरातला, बोलणं संपवून दार ओढून घेणारा. कुठे, ते लगेच आठवेना. आणि जे लगेच आठवत नाही ते बहुधा आपल्याला आठवायचं नसतं, एवढं कळण्याइतकं तिचं वय झालेलं होतं.

मधली हे तिचं घरातलं नाव. तीन बहिणींतली मधली, म्हणून मधली. एवढी साधी गोष्ट, पण पुढे तो तिचा स्वभावच होऊन बसला. थोरली आणि धाकटी भांडल्या की ही मध्ये, आई आणि बाबा अबोला धरून बसले की निरोप्या म्हणून हीच. कचेरीत तिचा हुद्दा इतका लांबलचक होता की दारावरच्या पाटीवर तो दोन ओळींत कोंबावा लागला होता. काम मात्र एका दमात सांगता येई. उपग्रह वर जाण्याआधी, तो ज्यांच्या उपयोगी पडायचा त्यांना एकत्र बसवून विचारायचं, की तुम्हाला वरून काय बघायचंय, आणि केव्हा. कारण एकदा तो वर गेला की त्याला हाक मारून 'अरे, जरा इकडे बघ' म्हणण्याची सोय नसते. हा उपग्रह तर सामायिक होता. एकट्याने पाठवण्याची कुणाचीच ऐपत नाही म्हणून जंगल खातं, शेती खातं, धरणांवरची माणसं, नगरपालिका आणि दोन-चार संस्था अशी सगळी मोट बांधलेली. सामायिक भिंतीचं जे होतं तेच त्याचंही. भिंत सगळ्यांना हवी, पण खुंटी प्रत्येकाला आपल्याच बाजूने ठोकायची. या उपग्रहाची खोड अशी, की तो ज्या गावावर येईल त्या गावावर घड्याळातल्या एकाच ठरलेल्या वेळी येणार. ती वेळ आज ठरायची होती, आणि मग दहा-बारा वर्षं तीच राहणार होती. शेतीवाल्यांना सकाळचे दहा हवे होते, कारण दुपार व्हायला लागली की ढग जमतात आणि शेतं झाकून टाकतात. जंगलातल्या वणव्यांवर डोळा ठेवणाऱ्या साहेबांना (मधलीने मनातल्या मनात त्यांचं नाव वणवेवाले ठेवलं होतं) दुपारचे दोन हवे होते, कारण आग उन्हाबरोबर चढते. दहा आणि दोन. यातून मार्ग काढायला मधलीने तिची पट्टी आणली होती. पट्टी म्हणजे सभागृहाच्या फरशीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चिकटवलेली पिवळी चिकटपट्टी, आणि तिच्यावर खडूने लिहिलेले तास. ज्याला जी वेळ हवी त्याने तिथे जाऊन उभं राहायचं. मग बोलायचं, ऐकायचं, पटलं तर सरकायचं. खुर्चीत बसलेला माणूस हट्टी असतो, उभा राहिला की त्याचे पाय दुखतात आणि तो समजूतदार होतो, असं ती गमतीने म्हणायची. दुसऱ्या कचेऱ्यांतून लोक ही पट्टी बघायला येत. बघता बघता दोन्ही टोकांची माणसं आत सरकत, हातभर अंतरावर येत, आणि शेवटी एकाच खडूच्या खुणेभोवती दाटीवाटीने उभी राहत. ते दृश्य तिला मनापासून आवडायचं. वाढदिवसाच्या फोटोला उभं राहावं तशी ती माणसं दिसायची. आजही तशीच दिसली, बारावर.

चहाची सुट्टी झाली. पाच वाजता सगळ्यांच्या सह्या व्हायच्या होत्या. मधली कपात साखर ढवळत राहिली, साखर तिने घातलीच नव्हती. बाराला सूर्य डोक्यावर असतो आणि उपग्रहही डोक्यावरच असतो. पाण्यावर पडलेलं ऊन उसळून थेट त्याच्या डोळ्यात जातं. तळं, धरण, खाडी, काही दिसत नाही, नुसती चकाकी दिसते. ही काही गुपित गोष्ट नव्हती. तिला माहीत होतं, वणवेवाल्यांना माहीत होतं, शेती खात्याच्या त्या गोऱ्यागोमट्या तरुण तज्ज्ञाने तर याच विषयावर पदवी मिळवली होती. आणि तरी त्या दाटीत एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. दहा आणि दोनच्या मध्ये बारा येतात, हा हिशोब शाळकरी पोरालाही येतो, आणि तो हिशोब करताना शहाणीसुरती माणसं इतकी खूश झाली की बारा वाजता नेमकं काय दिसतं हे विचारायचं राहून गेलं. विचारायचं कुणी? तिनेच. तिचं कामच ते. तिने विचारलंही होतं, "सगळ्यांना चालेल ना?" असं, मान किंचित कलती करून, हसून.

सचिवबाई जिन्याजवळच्या खिडकीत एकट्याच चहा पीत उभ्या होत्या. तळ्याकाठच्या मासेमारांच्या संस्थेचा कारभार त्या बघत. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, बैठकीसाठी खास नवी चप्पल घेतलेल्या. चप्पल चावत असावी, कारण एक टाच त्यांनी बाहेर काढून ठेवली होती. मधली त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"बाराला तुम्हाला तळं दिसणार नाही."

"माहितीये की," त्या म्हणाल्या.

"मग?"

"मग काय? चालेल म्हटलं ना मी."

"पण का म्हटलंत?"

"अहो, सगळे निघाले तिकडे. मी काय एकटी दहावर उभी राहू, खांबासारखी? ते जंगलवाले साहेब तर माझ्याकडे असं बघत होते, मीच त्यांची गाडी चुकवतेय जणू." त्यांनी चहाचा घोट घेतला. "आणि तुम्ही विचारलंत ते कसं? सगळ्यांना चालेल ना! असं विचारल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?"

"तळ्याचं काय मग?"

"होडीने बघतो, तसंच बघू. पाण्यावरचं ते हिरवं शेवाळ आधी मधोमध धरतं, आणि काठावरून दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. मागच्या उन्हाळ्यात मासे उलटे झाले ते झालेच, पण पोरंसुद्धा आठवडाभर ओकत होती. पाणी तेच पितो आम्ही. दोन गावं पितात." त्यांनी टाच पुन्हा चपलेत घातली. "पण हे बघा, माझं नाव नका घेऊ हं. पहिल्यांदाच बोलावलंय आम्हाला. मागच्या उपग्रहाच्या वेळी आम्ही आहोत की नाही याचीही कुणी चौकशी केली नव्हती. आता खुसपट काढणारी बाई म्हणून नाव झालं, तर पुढच्या वेळी कोण बोलावतंय?"

एवढं बोलून त्या हसल्या, आणि त्या हसण्यासरशी मधलीला तो आवाज कुणाचा ते आठवलं. बाबांचा. थोरलीच्या घरी, जेवणानंतर, टेबलावरची ताटं तशीच पडलेली असताना. आई जाऊन दोन महिने झाले होते. बाबा चौथ्या मजल्यावर एकटे राहत. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट तपासलेल्या या माणसाच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि यावर ते स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचे. मग एके दिवशी जिन्यात पडले आणि हसणं संपलं. थोरलीचं म्हणणं, त्यांना चांगल्या वृद्धाश्रमात ठेवू, तिथे डॉक्टर असतात. धाकटीचं म्हणणं, मी नेते, माझ्याकडे राहू देत कायमचे. थोरली म्हणाली, तुझ्या त्या उकिरड्यात? धाकटी म्हणाली, तुझ्या मनातून ते कधीच उतरलेत. रडारड झाली, भांडी आपटली गेली, जावई उठून गच्चीत गेले. तेव्हा मधलीने तोडगा काढला. चार-चार महिने प्रत्येकीकडे, आळीपाळीने. कुणाचा अपमान नाही, कुणावर भार नाही. थोरलीने डोळे पुसले, धाकटीने नाक ओढलं, आणि सगळ्यांचे चेहरे कसे मोकळे झाले. तेव्हाही टाळ्या वाजवायच्याच काय त्या बाकी होत्या. मग तिने बाबांकडे वळून, मान कलती करून विचारलं होतं, आणि ते म्हणाले होते, चालेल. थोरलीकडचे आणि धाकटीकडचे महिने झाले, आणि गेले तीन महिने ते तिच्याकडे होते. त्यांच्यासाठी तिने कपाटातले दोन खण रिकामे करून दिले होते, पण कपडे ते बॅगेतच ठेवत, आणि हवा तो शर्ट काढून बॅग पुन्हा बंद करत. आपला चहाचा कप स्वतः धुऊन पालथा घालत. पंखा लावायचा तर आधी विचारत, "लावू का गं?" ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायची, बाबांचा काही म्हणजे काही त्रास नाही. आता जिन्याजवळच्या त्या खिडकीत, हातातला चहा गार होत असताना, हे वाक्य तिने मनाशी पुन्हा म्हणून पाहिलं आणि तिला कसंसंच झालं. ज्याचा काही म्हणजे काही त्रास नाही तो माणूस घरात राहतोय की घरात थांबलाय? लहानपणी ते तिला कधीकधी कामावर नेत. लिफ्टच्या भिंतीला कान लावून उभे राहत, डोळे मिटून. ती विचारायची, काय ऐकता? ते म्हणायचे, आवाज करते ती लिफ्ट बरी असते बाळा, दुरुस्त करता येते. तिला तेव्हा ते काहीतरीच वाटलं होतं. तिला लिफ्टमधला आरसा आवडायचा.

पाच वाजले. लांब टेबलावर कागद मांडले गेले, पेनं मांडली गेली, छायाचित्रकार खुर्चीवर चढला. गप्प बसणं अगदी सोपं होतं. बैठक यशस्वी झाली असती, तिची पट्टी आणखी चार कचेऱ्यांत गेली असती, आणि बाराची चकाकी दोन वर्षांनी कुणाच्या तरी पडद्यावर उमटली असती, तेव्हा ती दुसऱ्या कुठल्या बैठकीत असती. अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं.

"एक मिनिट," ती म्हणाली. "बारा ठेवता येणार नाहीत."

अध्यक्षांनी टोपण हातातच धरलं. "आता? कुणाची हरकत आहे?"

सचिवबाई आपल्या नव्या चपलांकडे बघत होत्या. "माझी," मधली म्हणाली.

"तुमची?" अध्यक्ष खरोखरच गोंधळले. "तुम्ही तर बैठक चालवणाऱ्या. तुमचं मत कसं असेल?"

एकदोघं हसले. वणवेवाले हसले नाहीत. "मॅडम, दोन दिवस तुम्हीच आम्हाला गोडीगुलाबीने ढकलत बारापर्यंत आणलंत."

"हो, मीच आणलं," ती म्हणाली. आवाज कापत होता, तो तिने कापू दिला. "पण बाराला पाणी दिसत नाही. शेतीवाल्यांचे ढग तोवर जमायला लागलेले असतात. तुमचे वणवे तोवर भडकलेले नसतात. आपण सगळ्यांनी मिळून, एकमताने, अशी वेळ निवडलीये जिच्यात कुणालाच काही धड दिसणार नाही. आणि हे इथे सगळ्यांना माहितीये."

मग वणवेवाले ताडकन उठले. "मग घ्या दहा, आणि जळू द्या जंगलं!" दोन दिवस हा माणूस टक्केवारी आणि आलेख यांच्यापलीकडे बोलला नव्हता. आता तो बोलायला लागला तो थांबेचना. मागच्या साली वाऱ्याने दिशा बदलली, त्याचे दोन पहारेकरी टेकडीच्या चुकीच्या अंगाला गेले, आग कुठवर आलीये हे त्यांना सांगायला याच्याजवळ सकाळचं एक जुनं चित्र होतं, बस. एकाच्या बायकोला निरोप द्यायला तो स्वतः गेला होता. शेतीचा तज्ज्ञ म्हणाला, वाईट झालं, पण ढगांतून मी पिकं कशी बघू, डोळे फाडून? आणि मग टेबलाच्या शेवटच्या टोकाकडून कर्कश आवाज आला, "आणि तळ्याकाठची पोरं? ती माणसांत धरता की नाही?" सचिवबाई उभ्या होत्या. वणवेवाले त्यांच्यावर ओरडले, त्या त्यांच्यावर ओरडल्या. कुणीतरी म्हणालं, मग दुपारचा वेगळा उपग्रह काढा. कुणीतरी म्हणालं, तुझ्या घरून आण. छायाचित्रकार खुर्चीवरून गुपचूप खाली उतरला. सह्या झाल्या नाहीत. अध्यक्षांनी कागद गोळा केले आणि मधलीकडे न बघता म्हणाले, "पुढची बैठक दुसरं कुणीतरी घेईल." ती हो म्हणाली. सभागृह रिकामं झाल्यावर ती गुडघ्यांवर बसून फरशीवरची पट्टी सोलत होती, तेव्हा जिन्यातून त्या दोघांचा आवाज अजून येत होता. सचिवबाई आणि वणवेवाले खालच्या मजल्यापर्यंत भांडत गेले. दोघांपैकी कुणीही तिचा निरोप घेतला नव्हता. आपण चांगलं केलं की वाट लावली हे तिला कळत नव्हतं, आणि ते आज कळणारही नव्हतं. उपग्रह लांबणार, कदाचित एखादं खातं अंग काढून घेणार. इतक्या वर्षांची नोकरी, आणि आपली बाजू म्हणून ती आज पहिल्यांदाच काही बोलली होती. त्यात भीती पुष्कळ होती, पण नुसती भीती नव्हती.

घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. बाबा त्यांच्या खोलीत खिडकीजवळ बसून वर्तमानपत्र वाचत होते. तिला पाहताच त्यांनी सवयीने पाय आखडून घेतले. ती पलंगावर त्यांच्यासमोर बसली, पर्ससकट.

"बाबा, तुम्हाला कुठे राहायचंय?"

"म्हणजे? आता इथेच आहे की. पुढच्या महिन्यात थोरलीकडे. ठरलंय ना आपलं?"

"ठरलंय ते ठरलंय. तुम्हाला कुठे राहायचंय, ते विचारतेय."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग त्या घडीची घडी घातली. तिने त्यांच्या वतीने उत्तर सुचवलं नाही, मानही कलती केली नाही. हे फार जड गेलं.

"धाकटीकडे," ते म्हणाले.

आपण मनातल्या मनात दुसरं उत्तर धरून ठेवलं होतं हे तिला ते ऐकल्यावर कळलं. "तिच्याकडे? अहो, तिथे बसायला खुर्ची रिकामी नसते. कुत्रा पलंगावर चढतो. ती दोघं सकाळी उठल्यापासून भांडतात."

"माझ्याशीपण भांडतात. मीही भांडतो. जावई मला म्हातारबुवा म्हणतो तोंडावर. मी त्याला गाढव म्हणतो." त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळून गेलं, आणि तिला ते बघवेना.

"आणि माझ्याकडे?"

"तुझ्याकडे सगळं चांगलं आहे." ते थांबले. मग म्हणाले, "इतकं चांगलं की खोकायचं तरी विचारून खोकावंसं वाटतं. तुझ्या घरात कुणी कुणाला नाही म्हणत नाही गं. भीती वाटते मला इथे."

तिच्या डोक्यात चक्रं फिरायला लागलीच होती. आठ महिने तिकडे, चार इकडे. नाहीतर सणवार इकडे, बाकी तिकडे. नाहीतर दर रविवारी. सगळं कसं छान जमून आलं असतं. तिने ते सगळं तिथल्या तिथे सोडून दिलं, आणि सोडल्याबरोबर तिला रडू फुटलं.

"मला फार वाईट वाटलं, बाबा."

"वाटणारच."

"वाटणारच काय? वर्ष झालं! वर्षभर तुम्ही गप्प बसलात! मी इथे उठल्यापासून तुमच्यासाठी जिवाचं रान करतेय, आणि तुम्हाला भीती वाटते? माझी?" तिचा आवाज चढला होता. तिचा नवरा ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आला आणि दारातच उभा राहिला.

"ओरडतेस काय? विचारलंस म्हणून सांगितलं!"

"ओरडणार! तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा तुम्ही तिघी किती खूश होतात!" बाबाही ओरडले, आणि वर्तमानपत्र त्यांनी खिडकीवर आपटलं. "आई गेल्यापासून पहिल्यांदा! मी कशाला मोडू ते?"

"मग आता जा! रविवारी नेऊन सोडते तुम्हाला धाकटीकडे!"

"आधी तिला विचार," बाबा म्हणाले.